गरोदरपणातील नैराश्य, त्यावरील औषधे आणि बाळाची वाढ : एक अभ्यास

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाचा साधार परामर्श घ्यावा, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा निवडलेला विषय घरोघरी दबक्या आवाजात बोलला जाणारा आहे. गरोदर स्त्रीला नैराश्याचा आजार असेल आणि त्यावर तिचे औषध चालू असेल, तर त्या औषधाचा पोटातील बाळाच्या वाढीवर आणि पुढे त्याच्या बुद्धीवर, बोलण्यावर, वागण्यावर परिणाम होतो काय? प्रसूती विभागाबाहेरील बाकांवर बसलेले नातेवाईक हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यास संकोचतात आणि पुष्कळदा तो आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी येऊन विचारतात. म्हणूनच त्याचे सविस्तर उत्तर येथे मांडण्याचे ठरविले.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असून रुग्णालयाच्या प्रशासनाचे काम पाहतो. कोणते औषध द्यावे वा थांबवावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि या विषयातील पुष्कळसा गोंधळ वैद्यकाचा नसून हिशेब वाचण्याचा आहे, असे अभ्यासाअंती आमच्या ध्यानात आले. हिशेबाला दोन बाजू असतात. औषधाच्या धोक्याची बाजू सर्वांना दिसते. उपचारावाचून राहिलेल्या आजाराची बाजू मात्र वहीत लिहिलीच जात नाही. दोन्ही बाजू वाचकांसमोर ठेवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजाराचे स्वरूप

गरोदर स्त्री आनंदातच असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. डोहाळजेवणाच्या फुलांच्या वाडीत बसलेली सून मनातून खचलेली असू शकते, ही कल्पनाच घरच्यांना शिवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत गरोदरपणी सुमारे १५.६ टक्के, तर बाळंतपणानंतर सुमारे १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्य प्रमुख आहे. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली याच संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे दर पाच मातांमागे एकीहून थोडे अधिक, असे आढळले.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या संदर्भात विशेष मोलाचा आहे. एका जिल्हा रुग्णालयात नोंदविलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा त्यांनी पाठपुरावा केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसून आले. या आजारी मातांपैकी ७८ टक्के स्त्रिया गरोदरपणातच मनाने अस्वस्थ होत्या आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. गरिबी, पती-पत्नींमधील बेबनाव आणि मुलगी जन्माला येणे या गोष्टींचा आजाराशी संबंध आढळला. मुलगी झाली म्हणून नाराज होणाऱ्या घराने त्या नाराजीची किंमत कोण मोजते, याचा विचार करावा.

थकवा, झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे ही गरोदरपणाचीही लक्षणे असल्याने आजार त्यांच्याआड लपतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटणे, रडू कोसळणे, जगणे नकोसे होणे, ही गरोदरपणाची लक्षणे नव्हेत. ती आजाराची लक्षणे होत.

औषधांविषयीची भीती कोठून आली

भीतीला इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले आणि गरोदर स्त्रियांच्या मळमळीवरही ते सर्रास दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत अनेक देशांत हजारो बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्माला आली होती. तेव्हापासून गरोदरपणातील प्रत्येक औषधाकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे.

नैराश्यावर आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांच्या गटातील फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये परवानगी मिळाली. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन ही त्याच गटातील पुढची औषधे होत. ही औषधे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, हे खरे आहे. त्यामुळे त्यांचा बाळावर काय परिणाम होतो, याचा शोध गेली तीन दशके सातत्याने घेतला जात आहे. आज गरोदरपणात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या औषधांत यांची गणना होते.

येथे एक महत्त्वाचा भेद सांगणे आवश्यक आहे. मनाच्या आजारावरील सर्व गोळ्या एकसारख्या नसतात. फिट्स व द्विध्रुवी आजार यांवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणी घेतल्यास सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात दोष आणि ३० ते ४० टक्के मुलांत विकासाच्या अडचणी आढळतात. ते औषध घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवावा. मनाने एकाएकी बंद करू नये. परंतु या औषधाचा दोष नैराश्यावरील औषधांच्या खात्यावर टाकणे चुकीचे होईल.

जन्मजात दोष आणि आकडे वाचण्याची रीत

कोणतेही औषध न घेतलेल्या निरोगी मातांच्या बाळांतही शंभरांमागे सुमारे तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष आढळतो. औषधाचा परिणाम या मूळ प्रमाणाशी ताडून पाहावा लागतो.

२००५ साली पॅरॉक्सेटिनमुळे बाळाच्या हृदयात दोष निर्माण होण्याचा धोका वाढत असावा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला. तेव्हापासून गरोदरपणात ते औषध नव्याने सुरू करण्याचे डॉक्टर सहसा टाळतात. पुढे २०१४ साली अमेरिकेतील सुमारे साडेनऊ लाख गरोदर स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६४,३८९ स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांत नैराश्यावरील औषध घेतले होते. प्रथमदर्शनी त्यांच्या बाळांत हृदयदोष अधिक दिसले. परंतु मातांचा आजार, मधुमेह, इतर औषधे, आर्थिक स्थिती अशा गोष्टी विचारात घेऊन तुलना केल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जन्मानंतर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब उतरत नाही, असा एक दुर्मिळ पण गंभीर विकार नवजात बाळांत आढळतो. २००६ साली एका अभ्यासाने या औषधांमुळे तो सहापट वाढतो असे सुचविले आणि सर्वत्र खळबळ उडाली. २०१५ साली सुमारे ३८ लाख गरोदरपणांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण दहा हजारांमागे सुमारे २१ आणि या गटाचे औषध घेतलेल्यांत सुमारे ३१ असे निघाले. ‘शेकडा ५० वाढ’ असे म्हटले तर छातीत धडकी भरते; ‘हजारी दोनाऐवजी तीन’ असे म्हटले तर तोच फरक नीट समजतो. इतर कारणे वगळल्यावर तोही आणखी कमी झाला. औषधाविषयीची बातमी वाचताना ‘किती पट’ हे वाचून थांबू नये; ‘किती जणांत किती’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

बुद्धी, बोलणे, वागणे : भावंडांची तुलना

पालकांना सर्वाधिक भय वाटते ते स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे. डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतातील १,४५,४५६ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत आईने नैराश्यावरील औषध घेतले असल्यास स्वमग्नतेचा धोका ८७ टक्क्यांनी वाढतो, हा त्याचा निष्कर्ष जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला. प्रत्यक्षात त्या अभ्यासात या काळात औषधाशी संबंध आलेली बालके २,५३२ होती आणि त्यांपैकी ३१ बालकांत स्वमग्नतेचे निदान झाले होते. म्हणजे शंभरांपैकी जवळजवळ नव्याण्णव बालकांत ते झाले नव्हते. ही गोष्ट मथळ्यात नव्हती.

त्याहून मोठा प्रश्न तुलनेचा होता. औषध कोण घेते? ज्या स्त्रीला आजार आहे तीच. नैराश्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते, आणि जे आनुवंशिक घटक मातेत नैराश्याला कारणीभूत होतात त्यांतील काहींचा संबंध मुलांतील स्वमग्नतेशी व चंचलतेशीही असतो. मग मुलामध्ये दिसलेला फरक गोळीमुळे, की आजारामुळे, की कुळातून आलेल्या गुणसूत्रांमुळे, हे ठरवायचे कसे?

यावर संशोधकांनी साधा व समर्पक मार्ग काढला. एकाच आईची दोन मुले घ्यावयाची, ज्यांतील एकाच्या वेळी तिने औषध घेतले होते आणि दुसऱ्याच्या वेळी नव्हते. आई तीच, घर तेच, कूळ तेच. स्वीडनमध्ये १९९६ ते २०१२ या काळात जन्मलेल्या सुमारे १५ लाख ८० हजार मुलांच्या नोंदींवर अशी तुलना झाली व ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. सरसकट तुलनेत औषधाशी संबंध आलेल्या मुलांत वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत स्वमग्नतेचे प्रमाण ५.२८ टक्के, तर इतरांत २.१४ टक्के दिसत होते, दुपटीहून अधिक. परंतु भावंडांची आपसांत तुलना करताच हा फरक उरला नाही. चंचलतेच्या विकाराबाबतही तसेच घडले. मुदतपूर्व जन्माचा धोका मात्र थोडासा वाढलेला राहिला, आणि तो प्रामाणिकपणे नोंदविला गेला.

२०२२ साली अमेरिकेतील तीस लाखांहून अधिक गरोदरपणांचा अभ्यास झाला. त्यांत औषध घेतलेल्यांची संख्या जवळपास दीड लाख होती. स्वमग्नता, चंचलता, शिकण्यातील अडचणी, भाषेचा व हालचालींचा विकास, वर्तनाचे प्रश्न अशा अनेक अंगांनी मुलांचे निरीक्षण केले गेले. येथेही सरसकट तुलनेत दिसणारा मोठा फरक मातेचा आजार व भावंडांची तुलना विचारात घेताच मावळला. गरोदरपणातील नैराश्यावरील औषधे मुलांतील विकासविषयक विकारांचा धोका स्वतःहून वाढवीत असल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. मात्र त्याच अभ्यासातील सरसकट आकड्यांचा एक उपयोग त्यांनी आवर्जून सांगितला : अशा मातांच्या मुलांच्या वाढीकडे लवकर व बारकाईने लक्ष द्यावे, कारण औषधामुळे नसले तरी अन्य कारणांनी त्यांच्यात अडचणी अधिक आढळतात.

जन्मानंतरचे पहिले दिवस

औषध पूर्णतः निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. गरोदरपणाच्या अखेरपर्यंत औषध घेतलेल्या मातांच्या बाळांपैकी सुमारे ३० टक्के बाळांत जन्मानंतर काही तास वा दिवस चिडचिड, थरथर, जलद श्वास, अंगावर पिण्यात कुचराई अशी लक्षणे दिसतात. ती बहुधा सौम्य असतात व काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत, आपोआप ओसरतात. अशा बाळावर रुग्णालयात लक्ष ठेवणे पुरेसे असते, आणि म्हणूनच आईने घेतलेल्या औषधाची माहिती प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना असणे अगत्याचे आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव किंचित वाढण्याची शक्यताही नोंदली गेली आहे. या गोष्टी लपविल्यास धोका वाढतो, सांगितल्यास आटोक्यात राहतो. स्तनपानाबाबत सांगावयाचे तर सर्ट्रालिनसारखे औषध दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. औषध चालू आहे एवढ्याच कारणाने बाळाला अंगावरून तोडण्याची गरज बहुधा पडत नाही.

वहीत न लिहिलेली बाजू

आता दुसरी बाजू. उपचारावाचून राहिलेल्या नैराश्यात स्त्री नीट जेवत नाही, झोपत नाही, तपासणीस येण्याचे टाळते. मुदतपूर्व प्रसूती व बाळाचे कमी वजन यांचे प्रमाण अशा स्त्रियांत अधिक आढळते. गोव्यातील त्याच संशोधकांनी २००३ साली १७१ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईला बाळंतपणानंतर नैराश्य असल्यास सहा महिन्यांच्या बाळाचे वजन व लांबी कमी राहण्याचा धोका वाढतो आणि त्याच्या मानसिक विकासाच्या मोजमापातही उणेपणा दिसतो, असे त्यात आढळले. बाळाच्या वाढीची काळजी असणाऱ्या घराने औषधाइतकीच आजाराचीही धास्ती घ्यावयास हवी ती याकरिता.

औषध थांबविण्याचीही किंमत असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २०१ गरोदर स्त्रिया होत्या. सर्वांना पूर्वी नैराश्य येऊन गेले होते आणि औषधामुळे त्या सुस्थितीत होत्या. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी २६ टक्के स्त्रियांत आजार उलटला. ज्यांनी ते बंद केले त्यांच्यापैकी ६८ टक्के स्त्रियांत उलटला. या स्त्रिया वारंवार आजारी पडलेल्या होत्या, त्यामुळे सौम्य आजाराला हेच आकडे लागू करता येणार नाहीत. तीव्र आजाराबाबत मात्र ते पुरेसे बोलके आहेत. ब्रिटनमधील मातामृत्यूंच्या राष्ट्रीय तपासणीत प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपासून एक वर्षापर्यंतच्या काळात आत्महत्या हे मातेच्या मृत्यूचे प्रमुख थेट कारण ठरले आहे.

आमच्याकडे आलेल्या एका भगिनीची हकीकत येथे नाव-गाव वगळून नमूद करतो. विवाहापूर्वी तिला दोनदा तीव्र नैराश्य येऊन गेले होते व औषधावर ती उत्तम संसार करीत होती. दिवस राहिल्याचे कळताच घरच्यांनी काळजीपोटी गोळ्या बंद केल्या. पाचव्या महिन्यात ती बोलेनाशी झाली. सासूबाईंना वाटले, पहिलटकरीण आहे, बिचकली असेल. सहाव्या महिन्यात तिने विहिरीकडे जाताना शेजारणीला ‘माझ्या मागे घराकडे बघा’ असे म्हटले. शेजारीण शहाणी, तिने हात धरून तिला घरी आणले. मानसोपचारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून पती व सासूबाईंना समजावले आणि औषध पुन्हा सुरू केले. पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. दोन दिवस बाळ जरा थरथरत होते. नवजात कक्षात त्याच्यावर लक्ष ठेवले, तिसऱ्या दिवशी ते शांत झाले. सासूबाईंनी घरी जाताना विचारले, ‘हे आम्हाला आधी कोणी सांगितले का नाही?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून हा लेख उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे.

कुटुंबीयांनी काय करावे

प्रत्येक उदास स्त्रीला गोळीच लागते असे नाही. सौम्य आजारात समुपदेशन व घरचा आधार यांचा चांगला उपयोग होतो. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मातांशी पद्धतशीर संवाद साधला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा महिन्यांनंतर अशा मातांपैकी २३ टक्के, तर इतर मातांपैकी ५३ टक्के नैराश्यात होत्या. त्याच धर्तीवर गोव्यात २८० स्त्रियांसोबत ‘सखीं’च्या मदतीने झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले, आणि बऱ्या होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सखींची मदत मिळालेल्या गटात काहीसे अधिक होते. मध्यम वा तीव्र आजारात मात्र औषधाची आवश्यकता भासते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत, केवळ गरोदरपण वा स्तनपान या कारणासाठी मानसिक आजाराचे औषध नाकारू वा बंद करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये तेथील औषध प्रशासनाने बोलावलेल्या चर्चासभेत बहुतेक वक्त्यांनी औषधांच्या धोक्यांवरच भर दिला, तेव्हा ही चर्चा एकांगी असल्याचे याच संघटनेने जाहीरपणे सांगितले.

आमच्या तज्ज्ञांशी बोलून कुटुंबीयांसाठी काही सूचना येथे देत आहोत.

१. चालू असलेले औषध स्वतःहून बंद करू नये वा कमी करू नये. एकाएकी थांबविल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होतो व आजार उलटू शकतो.

२. शक्य तर गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांना भेटावे. औषध बदलावयाचे असल्यास तीच योग्य वेळ होय.

३. नाव नोंदविताना मनाच्या आजाराची व औषधाची माहिती केसपेपरवर लिहवून घ्यावी. स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ या तिघांनाही ती ठाऊक असावी.

४. माहेरी बाळंतपणास जाताना औषधांची चिठ्ठी व पुरेशा गोळ्या बरोबर द्याव्यात. गोळ्यांत खंड पडतो तो बहुधा या प्रवासात.

५. ‘मरावेसे वाटते’ हे शब्द कधीही थट्टेवारी नेऊ नयेत. अशा वेळी तिला एकटे ठेवू नये व त्वरित रुग्णालयात आणावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही उपलब्ध आहे.

६. मातेला मानसिक आजारासाठी दाखल करावे लागले, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून दूर करता येत नाही. हा तिचा हक्क आहे.

देणगीदारांप्रति

प्रसूतीपूर्व तपासणीत रक्तदाब व रक्तातील लोहाचे प्रमाण जसे पाहिले जाते, तसे मनाचे स्वास्थ्यही पाहिले जावे, यासाठी १९८७ साली एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. ती विचारण्यास यंत्र लागत नाही. लागते ती शांत जागा, समजूतदार परिचारिका आणि दहा मिनिटांचा वेळ. देणगीदारांच्या साहाय्यातून नवी सोनोग्राफी यंत्रे आली की त्यांचे छायाचित्र अहवालात छापता येते. समुपदेशकाचे मानधन, गरजू मातेच्या महिन्याच्या गोळ्या, पाठपुराव्याचा बसप्रवास यांचे छायाचित्र निघत नाही. तरीही विश्वस्त मंडळाने व आपण हितचिंतकांनी या खर्चाकडे यंत्रसामग्रीइतक्याच अगत्याने पाहावे, अशी नम्र विनंती आहे.

घरात एखादी लेक वा सून या आजाराशी झुंजत असेल, तर तिला दोष न देता तिच्यासोबत डॉक्टरांकडे यावे. प्रश्न पुष्कळ असतील. ते लिहून आणावेत. आमच्या कार्यालयाची खिडकी त्यासाठी उघडी आहे, आणि आत नेऊन डॉक्टरांशी गाठ घालून देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

— रुग्णालय प्रशासन